माती ओली, तरी मोगऱ्याने मान टाकली

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या घरातल्या सतरा कुंड्यांपैकी सहा झाडं लागोपाठ आजारी पडली. चार वाचली, दोन गेली. जून संपताना सुरू झालेलं हे प्रकरण दसऱ्याला मार्गी लागलं. सुरुवातीचे दोन आठवडे मी रात्री उशिरापर्यंत पिवळ्या पानांचे फोटो समोर ठेवून उत्तरं शोधत बसायचे, आणि एकाच लक्षणाला कुणी 'पाणी कमी पडतंय' म्हणायचं तर कुणी 'पाणी जास्त होतंय'. तेव्हा कुणीतरी पहिल्या दिवसापासून काय काय झालं ते सगळं सांगायला हवं होतं असं फार वाटायचं. म्हणून हे तारीखवार लिहितेय.

आम्ही कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरी पश्चिमेला. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनपासून सहापर्यंत ऊन थेट कुंड्यांवर येतं, आणि तेव्हा सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत पार आटून जातं. त्यामुळे उन्हाळाभर दोन्ही वेळा पाणी घालायची सगळ्या घराला सवय लागलेली. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, ऊन गेलं, पण सवय तशीच राहिली. पुण्याचा पाऊस बऱ्याच वेळा भुरभुर असतो. कुंडीत पाणी पडल्यासारखं दिसतच नाही, म्हणून आपण पाणी घालत राहतो. पण आभाळ दिवसचे दिवस भरलेलं असतं, हवा दमट असते, झाड पाणी ओढत नाही आणि माती वाळत नाही. हे आज मला सरळ दिसतं. तेव्हा दिसलं नाही.

३० जून, रविवार. दोन्ही पालख्या त्या दिवशी शहरात येणार होत्या. अण्णा, म्हणजे माझे सासरे, सकाळीच दर्शनाला गेले होते. मी गॅलरीत कपडे वाळत घालताना पाहिलं, मोगऱ्याने मान टाकली होती. शेंडे खाली झुकलेले, पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. हा मोगरा सासूबाईंनी लावलेला. त्या जाऊन चार वर्षं झाली. माहेरून आणलेल्या एका फांदीचं त्यांनी हे एवढं झाड केलं होतं. मी घाबरले आणि एक तांब्या पाणी घातलं. संध्याकाळी फरक नाही म्हणून आणखी एक.

दुसऱ्या दिवशी खालची पानं पिवळी दिसायला लागली. मला वाटलं, खत कमी पडतंय. ३ जुलैला घरात होतं ते दाणेदार खत चमचाभर घातलं, त्यावर पुन्हा पाणी. चार दिवसांत मोगऱ्याची निम्मी पानं गेली आणि शेजारच्या कढीपत्त्याने पानं गाळायला सुरुवात केली. हॉलमधली पीस लिली तर टेबलावर अंग टाकून पसरली होती. आजारी मुळांना खत देऊ नये ही गोष्ट मी या झाडांवर शिकले. कुजलेली मुळं खत ओढू शकत नाहीत. ते मातीतच साचतं आणि राहिलेल्या चांगल्या मुळांना जाळतं.

त्यातच १० जुलैला सोसायटीची लेखी सूचना आली. आमच्या ग्रिलमधल्या कुंड्यांतून पाणी गळून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत ठिबकतं, त्यांच्या भिंतीला ओल धरली आहे, तरी पंधरा दिवसांत कुंड्या ग्रिलमधून काढाव्यात, असा मजकूर. मी काकूंकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी मला भिंत दाखवली. हातभर रुंदीचा पट्टा फुगून पोपडे सुटले होते. त्या म्हणाल्या, "अगं, मी कधीची सांगणार होते. पाऊस नसतो तेव्हाही ठिबकतं, दिवसातून दोन-तीनदा." दोन-तीनदा हा शब्द माझ्या कानात राहिला, पण त्याचा अर्थ लागायला आणखी चार दिवस गेले.

१४ जुलैच्या रविवारी आम्ही सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या बाजूला गेलो. तिकडे रस्त्याला लागून नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. पीस लिलीची कुंडी गाडीत घेतली होती. मोगरा मोठा, म्हणून त्याचे फोटो घेतले होते. पहिल्या दोन ठिकाणी मला औषधाची बाटली दाखवली. तिसऱ्या नर्सरीतल्या मामांनी आधी कुंडी दोन्ही हातांनी उचलून पाहिली, खाली ठेवली आणि विचारलं, "ताई, घरात पाणी किती जण घालतात?"

मी म्हटलं, मीच घालते. तेवढ्यात नवरा म्हणाला, "सकाळी अण्णा घालतात ना." आणि मग आम्हा दोघांनाही एकदम आठवलं की आमच्या मावशी, स्वयंपाक करणाऱ्या, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून अकरा वाजता कुंड्यांना घालतात. सकाळी साडेसहाला अण्णा, अकराला मावशी, संध्याकाळी साडेसातला मी. शिवाय पुण्यात दुरुस्तीसाठी बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद असतं, म्हणून बुधवारी रात्री मी 'उद्या मिळणार नाही' या काळजीने दुप्पट घालायचे. तिघांनीही मायेनेच घातलं होतं. कुणी कुणाला विचारलं नव्हतं एवढंच.

मामांनी पीस लिली चिनीमातीच्या कुंडीतून बाहेर काढली. त्या कुंडीला तळाला भोकच नव्हतं. आत चार बोटं काळं पाणी साचलेलं, आणि तुंबलेल्या गटारासारखा वास. त्यांनी एक मूळ चिमटीत धरून ओढलं. वरची साल मोज्यासारखी सुटून आली आणि आतला बारीक दोरा तेवढा मागे राहिला. "हे मेलेलं मूळ," ते म्हणाले. मग शोधून एक पांढरं मूळ दाखवलं, कडक, ओढलं तरी न तुटणारं. "हे जिवंत. अशी पाच-सहा जरी असली तरी झाड वाचतं."

पाणी भरपूर असताना झाड तहानल्यासारखं का दिसतं, हेही त्यांनीच सांगितलं. नंतर मी त्यावर थोडं वाचलं. मुळांना श्वासाला हवा लागते, आणि ती मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत असते. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, कारण हवेच्या मानाने पाण्यातून प्राणवायू साधारण दहा हजार पट सावकाश सरकतो. गुदमरलेलं मूळ पाणी वर चढवू शकत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं असतं आणि पानं तहानेने मान टाकतात. आपण ते पाहून आणखी पाणी घालतो. मग त्या चिखलात फायटोफ्थोरा आणि पिथियम हे बुरशीसारखे रोगजंतू वाढतात. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहतात, त्यामुळे साचलेलं पाणी त्यांच्या सोयीचं. यालाच मूळकूज म्हणतात.

फरक ओळखायची खूण मला त्या दिवशी मिळाली, ती अशी. पाणी कमी पडलेल्या झाडाचं पान पातळ, कोरडं लागतं, कडा कुरकुरीत होतात, माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, कुंडी हलकी लागते, आणि पाणी घातलं की झाड काही तासांत उभं राहतं. पाणी जास्त झालेल्याचं पान मऊ, लिबलिबीत असतं, पिवळेपणा बहुतेक वेळा खालून सुरू होतो, कुंडी जड असते आणि पाणी घालून काहीच फरक पडत नाही. पान बघून शंका येते, खात्री मातीतूनच होते. मी दोन आठवडे फक्त पानं बघत होते.

मामांकडून आणि आसपासच्या दुकानांतून मातीची गोणी १५० रुपयांना, गांडूळखत दहा किलो २०० ला, कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) ब्लॉक २२० ला, परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) १८० ला, नीमपेंड दोन किलो १२० ला आणि ट्रायकोडर्मा (मुळांसाठी उपयोगी बुरशी) १६० ला घेतलं. दहा इंची मातीच्या सहा कुंड्या प्रत्येकी १३० रुपयांना. त्यांच्याकडे मोठ्या कुंड्याही होत्या आणि मी त्याच मागत होते. मामांनी दिल्या नाहीत. मुळं कुजून कमी झालेली असताना मोठ्या कुंडीत झाड लावलं, तर त्या जास्तीच्या मातीतलं पाणी ओढायला मूळच नसतं, ती माती तशीच ओली राहते. आजारी झाड लहान कुंडीत हलवायचं. हे मला स्वतःहून कधीच सुचलं नसतं.

घरी आल्यावर अवघड काम होतं ते अण्णांशी बोलायचं. निवृत्त झाल्यापासून सकाळचं पाणी हे त्यांचं काम. मोगऱ्याला तर ते पाणी घालताना थोडा वेळ नुसते उभे राहतात, हे मी खूपदा स्वयंपाकघरातून पाहिलेलं आहे. 'तुम्ही पाणी घालू नका' हे वाक्य मी दोन दिवस तोंडातच ठेवलं.

१७ जुलैला आषाढी एकादशी होती, त्याच दिवशी मोहरमची सुट्टी. सकाळी पेपरांच्या रद्दीवर मोगरा काढायला बसले. अण्णा शेजारी खुर्ची घेऊन बसले. बारा इंची प्लास्टिकची कुंडी आडवी करून थोपटली, पण गोळा निघेना. तळाची भोकं मुळांनी आणि मातीने गच्च बुजली होती, आणि कुंडी सपाट फरशीवर ठेवलेली असल्यामुळे जे थोडंफार निथळलं असतं तेही अडलं होतं. शेवटी कुंडी कापली. वरची तीन-चार इंच माती बऱ्यापैकी होती. मधोमध लाल मातीचा घट्ट गोळा होता आणि त्याच्या खाली राखाडी चिखल. तोच वास. अण्णांनी स्वतः वाकून मूळ चिमटीत धरलं, साल त्यांच्या बोटांना चिकटून आली. ते काही बोलले नाहीत. बराच वेळ बोटं बघत राहिले आणि मग म्हणाले, "मी रोज घालत होतो गं."

मी म्हटलं, "आपण तिघंही घालत होतो, अण्णा."

मग आम्ही दोघांनी मिळून पुढचं केलं. कात्री स्पिरिटने पुसून घेतली, आणि दर दोन-तीन कापांनंतर पुन्हा पुसली. काळी, मऊ मुळं सगळी कापली. साधारण दोन तृतीयांश गेली. उरलेली नळाच्या बारीक धारेखाली हलक्या हाताने धुतली. मुळं एवढी कमी झाली की वरचा भार ती पेलू शकत नाहीत, म्हणून फांद्याही एक तृतीयांश छाटल्या. फांदी जिवंत आहे का ते नखाने साल जराशी खरवडून कळतं. आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी आणि कोरडं असेल तर मेलेली. दोन फांद्या मेलेल्या निघाल्या. नवं मिश्रण असं केलं: दोन घमेली माती, एक घमेलं गांडूळखत, अर्धं घमेलं कोकोपीट आणि अर्धं परलाइट, मूठभर नीमपेंड. पावसाळ्यात कोकोपीट कमीच ठेवा, ते पाणी धरून ठेवतं. परलाइट नसेल तर जाड वाळूही चालते. जुनी माती दुसऱ्या कुठल्याही कुंडीत टाकली नाही.

तळाला खडे किंवा विटांचे तुकडे घालायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. अण्णांनी ते गोळाही करून ठेवले होते. मामांनी नको म्हटलं होतं, आणि का ते मला घासणीच्या स्पंजवर कळलं. स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं तरी त्यात पाणी असतंच. आता तोच स्पंज उभा करा, लगेच आणखी पाणी गळतं. म्हणजे खालच्या टोकाला काही उंचीपर्यंत पाणी अडून राहतं, आणि उंची जितकी जास्त तितका वरचा भाग मोकळा होतो. कुंडीतल्या मातीचंही तसंच. खाली खडे घातले की माती संपते तिथेच, खड्यांच्या वर, ते पाणी अडतं, आणि मातीची उंची कमी झाल्यामुळे मुळं उलट पाण्याच्या जवळ येतात. अण्णांनी तो स्पंज तीनदा करून पाहिला. आम्ही भोकावर फक्त एक खापरीचा तुकडा पालथा ठेवला, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. बाकीचे तुकडे कुंडीच्या खाली पायासारखे तीन ठिकाणी ठेवले, म्हणजे भोक फरशीपासून सुटं राहील.

त्याच दिवशी पीस लिली मुळं साफ करून भोक असलेल्या साध्या कुंडीत लावली. चिनीमातीची कुंडी आता बाहेरचं आवरण म्हणून वापरते, पाणी घालताना आतली कुंडी बाहेर काढून, निथळवून परत ठेवायची. कोरफडीचा बुंधा मऊ झाला होता, तो कापून पाच दिवस कोरडा सुकवला आणि मग कोरड्या मातीत लावला. लिंबाच्या झाडाला हात लावला नाही. त्याची भोकं काडीने मोकळी केली आणि कुंडी उचलून विटांवर ठेवली. प्रत्येक आजारी झाड उपटून काढायला हवं असं नाही. वास येत नसेल आणि फांद्या टवटवीत असतील, तर नुसतं पाणी थांबवून वाट बघितली तरी पुष्कळदा भागतं. कढीपत्ता आणि रोझमेरी काढून पाहिली तेव्हा एकही पांढरं मूळ दिसलं नाही. तरी लावून ठेवली.

आता ही झाडं ठेवायची कुठे हा प्रश्न. गॅलरीत पश्चिमेचा पाऊस आत येतो, घरात उजेड पुरत नाही, आणि सूचनेची मुदत संपत आली होती. आमच्या इमारतीच्या गच्चीवर जिन्याच्या दारापुढे पारदर्शक पत्र्याची शेड आहे, तीन बाजूंनी मोकळी. उजेड, वारा आणि डोक्यावर छप्पर, आजारी कुंडीला नेमकं हेच हवं असतं. १८ तारखेला सचिवांच्या नावे अर्ज लिहिला. दोन प्रती केल्या आणि एकीवर पोच घेतली. अर्जात कुंड्यांची संख्या, त्यांचा आकार, किती दिवसांसाठी आणि स्टँडवर ठेवणार असल्याचं स्पष्ट लिहिलं. मोघम न लिहिता असं नेमकं लिहिलं की चर्चा लवकर संपते असा माझा अनुभव. २१ जुलैच्या रविवारी कमिटीची बैठक झाली, मी तिथे जाऊन बोलले. आठ कुंड्या, तीन आठवडे, अशी परवानगी मिळाली. अटी तीन होत्या: कुंड्या वॉटरप्रूफिंगवर थेट ठेवायच्या नाहीत, पावसाच्या पाण्याच्या जाळीत माती जाता कामा नये, आणि काकूंच्या भिंतीच्या रंगाचं बघायचं. तिन्ही अटी रास्त होत्या. लोखंडी स्टँड दोन, ४५० प्रमाणे ९०० रुपये. २२ ला संध्याकाळी नवऱ्याने आणि मी कुंड्या वर नेल्या. ग्रिलमधल्या बाकीच्या कुंड्या गॅलरीत आत घेतल्या, प्रत्येकीखाली ताटली. ताटलीत पाणी साचलं की अर्ध्या तासात ओतून टाकायचं, नाहीतर ताटली ठेवूनही कुंडी पाण्यातच उभी राहते.

तीनच दिवसांनी, २५ जुलैला, तो पाऊस झाला. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं. त्या दिवशी कुंड्यांचा विचार करणंसुद्धा बरं वाटत नव्हतं. संध्याकाळी वर गेले तर शेडखालची माती जशी होती तशी होती.

त्यानंतर वाट बघणं. मला वाटतं सगळ्यात कठीण हेच. लावताना एकदाच ट्रायकोडर्माचं पाणी घातलं होतं, माझ्या पाकिटावर लिटरला पाच ग्रॅम असं प्रमाण दिलेलं होतं. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आहे, तिच्यासोबत रासायनिक बुरशीनाशक घालू नका, ते तिलाही मारतं. त्यानंतर दहा दिवस पाणी नाही, खत नाही. रोज वर जायचं, बघायचं, खाली यायचं. मोगरा म्हणजे सात काटक्या उभ्या होत्या. ४ ऑगस्टला त्यातल्या एकीवरचं शेवटचं पानही गळलं आणि मी गच्चीवर रडले. कढीपत्ता त्याच आठवड्यात गेला, रोझमेरी त्याच्याही आधी. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या फुलांच्या प्रदर्शनातून मी ती हौसेने आणली होती. तिला खरं तर कोरडी, मोकळी माती लागते. आमच्या तीन वेळच्या पाण्यापुढे ती टिकणं शक्यच नव्हतं.

याच दिवसांत वहीची आणि काडीची पद्धत बसली. ओलावा मोजायचं यंत्र ३५० रुपयांना मागवलं होतं. एकाच कुंडीत दोन ठिकाणी ते दोन वेगळे आकडे दाखवायचं, म्हणून ठेवून दिलं. एक दिवस अण्णा देवघरातून जळलेल्या उदबत्त्यांच्या काड्या घेऊन आले. कुंडीच्या कडेने काडी दोन इंच खाली खुपसायची, दोन मिनिटांनी काढायची. काडीला माती चिकटली, काडी गडद झाली तर पाणी नाही. स्वच्छ कोरडी निघाली तर पाणी. मोठ्या कुंड्यांसाठी त्यांनी खराट्याची लांब काडी घेतली. पुढचं मी केलं: प्रवासाच्या बॅगा उचलून मोजायचा २८० रुपयांचा काटा आणला आणि मोगऱ्याच्या कुंडीला दोरी बांधून वजन केलं. पाणी घालून निथळल्यावर ८ किलो १००, काडी कोरडी निघाली त्या दिवशी ६ किलो ४००. पंधरा दिवसांत काट्याची गरज उरली नाही, हाताला अंदाज यायला लागला. मामांनी कुंडी नुसती उचलून का पाहिली होती ते तेव्हा समजलं.

अण्णांना मी 'पाणी घालू नका' असं शेवटपर्यंत म्हटलं नाही. म्हटलं, "अण्णा, काडी तुम्ही बघाल का? तुम्ही सांगाल तेव्हाच पाणी." गॅलरीच्या दाराला दोरीने वही टांगली. तारीख, कुंडीचा नंबर, काडी ओली की कोरडी, पाणी घातलं का. मावशींनाही सांगितलं. त्या थोड्या हिरमुसल्या, म्हणाल्या, "ताई, तांदळाचं पाणी चांगलं असतं." चांगलं असतंच. मग ते पाणी बादलीत ठेवायचं आणि ज्या कुंडीची पाळी असेल तिलाच त्याच दिवशी घालायचं असं ठरलं. वहीत मावशींचीही खूण असते, एक छोटं फूल.

तीन आठवडे १२ ऑगस्टला संपले. मुदतवाढीचा अर्ज दिला, पण गणपतीचं सामान शेडमध्ये ठेवायचं असल्यामुळे ३१ ऑगस्टपर्यंतच मिळाली. १९ ऑगस्टला, राखी पौर्णिमेला, अण्णा गच्चीवरून खाली आले ते चप्पल न काढता थेट स्वयंपाकघरात. "वर चल," एवढंच म्हणाले. मोगऱ्याच्या खालच्या पेरातून मोहरीएवढा हिरवा ठिपका बाहेर आला होता. मी लावल्यापासून तेहेतीस दिवस मोजले. त्यानंतरच्या आठवड्यात तसे सहा आले. खत मात्र लगेच दिलं नाही. तीन-तीन पानं पूर्ण उघडल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, मूठभर गांडूळखत घातलं.

३० ऑगस्टला कुंड्या खाली आणल्या. गच्ची झाडून, जाळी साफ करून सचिवांना दाखवली. काकूंची भिंत सुकायला वेळ लागला. पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरमध्ये पोपडे खरवडून तेवढ्या पट्ट्याला रंग लावून दिला, त्याचा खर्च वेगळा. झाडांवर एकूण ३,३४० रुपये गेले. त्यातलं ओलावामापक घेतलं नसतं तरी चाललं असतं. मातीच्या कुंड्या मात्र पुन्हाही घेईन. त्यांच्या अंगातून पाणी झिरपून उडतं, जास्त झालं तरी माती लवकर सावरते.

मधे एकदा चिलटं झाली. ओल्या मातीवर बारीक काळी चिलटं उडताना दिसली तर तीही जास्त पाण्याचीच खूण समजा. वरची दोन इंच माती पूर्ण वाळू दिली आणि पिवळे चिकट कागद लावले, साधारण तीन आठवड्यांत गेली.

ऑक्टोबरचं ऊन लागल्यावर वहीतल्या नोंदी बदलल्या. ऑगस्टमध्ये मोगऱ्याला आठ-नऊ दिवसांनी पाणी लागत होतं, आता तिसऱ्या-चौथ्या दिवशी काडी कोरडी निघायला लागली. एक दिवस दुपारी पीस लिलीने पुन्हा मान टाकली आणि माझ्या छातीत धस्स झालं. काडी घातली, कोरडी. उचलून पाहिली, हलकी. या वेळी खरंच तहान होती. पाणी घातल्यावर दोन तासांत पानं उभी राहिली.

१२ ऑक्टोबरला दसरा. सकाळी मी दाराला तोरण लावत होते. अण्णा गॅलरीतून काडी हातात घेऊन आले, ती माझ्यासमोर धरली. स्वच्छ, कोरडी.

"आज घालू ना?"

"घाला, अण्णा."

त्यांनी तांब्या घेतला, मोगऱ्याच्या कडेकडेने सावकाश ओतला आणि गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकून भोकाकडे बघत थांबले. मिनिटभराने ताटलीत पाणी टपकायला लागलं. मग त्यांनी चष्मा वर करून वहीत तारीख लिहिली.